आधी उतरायला शिकवा

“मुलाला होडीत बसवायचंय हो, विमान उडवायला नाही शिकवायचं.”

गेल्या एप्रिलमध्ये मालवणजवळच्या एका खाडीवर हे वाक्य मला ऐकवण्यात आलं. ऐकवणारे गृहस्थ पुण्या-मुंबईच्या मुलांची उन्हाळी शिबिरं भरवतात. वर्षानुवर्षं भरवतात, आणि मुलं त्यांच्यावर खूश असतात. मी तेव्हा माझ्या सात मुलांना कोरड्या वाळूवर ठेवलेल्या कयाकमध्ये बसवत होतो आणि उतरवत होतो. पाणी वीस पावलांवर. त्यांची तीस मुलं तोवर पाण्यात पोचून एकमेकांच्या वल्ह्यांवर वल्ही आपटायला लागलीसुद्धा होती. त्यांची रीत सोपी आहे. दोन पोरगे गुडघाभर पाण्यात होडी धरून उभे राहतात. तिसरा मुलाच्या काखेत हात घालून त्याला उचलतो, बैठकीवर ठेवतो, हातात वल्हं देतो आणि मागून ढकलतो. एका मुलाला पंधरा-वीस सेकंद. परत आल्यावर हेच उलट्या क्रमाने. गॅसचे सिलिंडर टेम्पोत चढवावेत आणि उतरवावेत, तसं.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यांनी मला समजावलं. चिडून नव्हे, आपुलकीने. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : लाइफ जॅकेट अंगात असलं की मूल बुडत नाही. होडी धरायला माणसं आहेत. चढणं-उतरणं ही काही विद्या नाही, दोन-चार फेऱ्यांत आपोआप येते. कोळ्यांच्या पोरांना कोण शिकवतं? काठावर अर्धा तास घालवला तर मुलं कंटाळतात, पालक म्हणतात फेरीचे पैसे दिलेत, वाळूत बसायचे नाहीत. आणि तुम्ही जे मुद्दाम होडी उलटवून दाखवता, त्याने तर मुलं घाबरून पुन्हा पाण्याकडे फिरकत नाहीत.

तिथे मला धड उत्तर देता आलं नाही. सात ओली मुलं शेजारी बसून वडे खात होती आणि त्यांतलं एक सारखं शिंकत होतं. म्हणून हे उत्तर आता, सवडीने देतो. हे गृहस्थ एकटे असते तर दिलंही नसतं. पण तारकर्ली-देवबागपासून गोव्यातल्या नेरूळच्या खाडीपर्यंत आणि पवनेपासून मुळशीपर्यंत, जिथे जिथे कयाक भाड्याने मिळते तिथे बहुतेक ठिकाणी मी काखेत हात घालण्याचीच पद्धत पाहिली आहे. ती आता इतकी अंगवळणी पडली आहे, की वेगळं काही करणारा माणूस विक्षिप्त ठरतो.

सुरुवात त्यांच्या बाजूने करतो. इकडे खाडीत वापरतात त्या कयाक बहुतेक वर बसायच्या, प्लास्टिकच्या. पोटात पोकळ, रुंद, वरून भोकं असलेल्या, म्हणजे आत आलेलं पाणी त्या भोकांतून आपोआप खाली निघून जातं. या होडीइतकं क्षमाशील वाहन दुसरं नाही. पाणी कोमट, थंडीने गारठून जीव जायची भीती नाही. शांत खाडीत, भरतीच्या वेळी, सकाळच्या वाऱ्यात शंभरातल्या नव्व्याण्णव फेऱ्या काही न घडता पार पडतात, हे मी मान्य करतो. माझं भांडण फेरीशी नाहीच. फेरीच्या आधीच्या आणि नंतरच्या अर्ध्या मिनिटाशी आहे.

कारण मुलं पडतात ती तेव्हा. खाडीच्या मधोमध वल्हवताना मूल सहसा पडत नाही. तिथे ते खाली बसलेलं असतं, पाय पसरलेले असतात, वजन तळाला असतं. पडतं ते काठाला, उभं राहताना. यात गूढ काही नाही. बसलेल्या माणसाचं वजन होडीच्या तळाशी असतं, उभं राहिलं की ते वर जातं, आणि गोल पोटाची होडी वर वजन आलं की फिरते. मुलाच्या बाबतीत हे आणखी वाईट, कारण लहान मुलाचं डोकं आणि धड पायांच्या मानाने जड असतं. त्यावर फुगीर जॅकेट चढवलं की त्याला स्वतःचे पायही दिसेनासे होतात. पाय कुठे पडतोय हे न दिसणाऱ्या मुलाला हलत्या वस्तूवर उभं करायचं आणि म्हणायचं, आपोआप येईल.

दुसरी गोष्ट मी मुलांना वाळूवरच करून दाखवतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचं वजन पंचवीस-सत्तावीस किलो. एकाने बसायच्या कयाकचं वजनही जवळपास तेवढंच, वीस-पंचवीस किलो. आता हे मूल होडीतून जेटीवर पाय टाकतं. मूल पुढे जातं तेव्हा होडी मागे जाते, आणि दोघांची वजनं सारखी असल्यामुळे होडी मागे जाण्याचा वेगही साधारण मुलाच्या पुढे जाण्याइतकाच असतो. मोठ्या लाँचमधून धक्क्यावर उतरताना हे होत नाही, कारण लाँच माणसाच्या शेकडोपट जड असते. मूल बसच्या पायरीवरून उतरायला शिकलेलं असतं, रिक्षातून उतरायला शिकलेलं असतं. त्याच्या आयुष्यात आजवर एकही वाहन उतरताना पायाखालून मागे पळालेलं नसतं. एक पाय जेटीवर, एक पाय होडीत, आणि मधलं अंतर वाढतंय. दोन दगडांवर पाय ठेवू नये असं आपण मुलांना सांगतो. इथे त्यांतला एक दगड तरंगत असतो.

म्हणून “आपोआप येतं” हे मला मान्य नाही. आपोआप येतं ते जमिनीवरचं उतरणं, आणि नेमकं तेच पाण्यात घात करतं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण लाटांच्या किनाऱ्यावरचं. होडी वाळूला लागत आली की मुलाला किनाऱ्याच्या बाजूला उडी मारायची असते. साहजिक आहे, आई तिकडे मोबाइल घेऊन उभी असते. पण किनाऱ्याच्या बाजूला उतरलेलं मूल होडी आणि वाळू यांच्या मध्ये सापडतं. मागून आलेली गुडघाभर लाट ती पंचवीस किलोची होडी आडवी करून थेट त्याच्या नडगीवर आणते. होडी आत बसायची असेल आणि तिच्यात पाणी साठलं असेल तर विचारूच नका, एक लिटर म्हणजे एक किलो हा हिशोब चौथीतल्या मुलालाही येतो. उतरायचं असतं समुद्राच्या बाजूला, म्हणजे लाट होडीला आपल्यापासून दूर नेते. हे जन्मजात कुणालाच कळत नाही. सांगावं लागतं, आणि एकदा सांगून पुरत नाही.

आता होडी धरणाऱ्या माणसांकडे वळतो, कारण त्या गृहस्थांचा सगळा भरवसा त्यांच्यावर आहे. माणसं चांगली असतात, प्रश्न त्यांच्या हातांचा नाही. ती उभी असतात निघायच्या जागी. फेरी मात्र कुठे तरी थांबते. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या वाळूच्या पट्ट्यांवर, खारफुटीच्या कडेला, एखाद्या खडकापाशी, फोटोसाठी. तिथे तीस मुलांना धरायला तीन माणसं नसतात. तिथे मूल स्वतः उतरतं.

माझा भाचा असाच उतरला. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. शिबिर दुसऱ्याच कुणाचं, नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण त्यांनी वेगळं काहीच केलं नव्हतं, सगळे करतात तेच केलं होतं. काखेत हात घालून त्याला अलगद बसवलं होतं. ओहोटी लागल्यावर खडकाशेजारच्या वाळूच्या पट्टीवर सगळे थांबले. हा होडीत उभा राहिला, किनारा दोन हात लांब होता. पाणी मांडीएवढं. अंगात जॅकेट, त्याचे सगळे पट्टे आवळलेले. होडी सरकली, हा बाजूला पडला, आणि हात टेकला तो कालवं चिकटलेल्या खडकावर. तळहाताला सात टाके पडले. कालवाची जखम किती चिघळते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. त्याची सहामाहीपर्यंतची लिहायची वही बहिणीने लिहिली. त्याचा जीव गेला नाही, जाणारही नव्हता, आणि मी त्याची गोष्ट भीती घालायला सांगत नाही. सांगतो ती एवढ्यासाठीच, की त्या दिवशी जॅकेट होतं, माणसं होती, पाणी उथळ होतं, हवा छान होती. नव्हती ती एकच गोष्ट : उभं न राहता होडीतून कसं उतरायचं हे त्या मुलाला कुणी दाखवलेलं नव्हतं. मामा त्याचा कयाक शिकवतो, ही गोष्ट घरात अजून मला ऐकवली जाते, आणि ऐकवणाऱ्यांचं चुकत नाही.

जॅकेटाबद्दल एवढंच म्हणेन. ते हवंच, त्यावर वाद नाही. पण आपण त्याला ताईत केलं आहे. गळ्यात घातलं की झालं. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मुलाचं तोंड आत बुडतं. तपासायची रीत साधी आहे : दोन्ही खांदे धरून जॅकेट वर उचला, कानापर्यंत आलं तर ते त्या मुलाचं नाही. लहानग्यांना दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं हवं. कयाकसाठी वापरतात ती हलकी जॅकेटं शुद्धीवर असलेल्या माणसाला तरंगत ठेवण्यासाठी असतात. बेशुद्ध माणसाचं तोंड ती आपण होऊन आभाळाकडे फिरवत नाहीत. आणि होडी उलटून मूल खाली सापडलं तर हेच जॅकेट त्याला वर, म्हणजे होडीच्या पोटाकडे, दाबून धरतं. तिथून बाजूला सरकून बाहेर यायचं असतं, हे जॅकेट सांगत नाही.

एखाद्याला वाटेल, हे सगळं चढण्या-उतरण्याचं काय एवढं, खरी संकटं वारा, लाटा, भरती यांची असतात. इथे मला इंग्लंडमधली एक घटना आठवते. कयाक शिकवणाऱ्या कुणालाही ती विसरता येत नाही. २२ मार्च १९९३ रोजी दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम रेजिस या गावाहून प्लिमथच्या एका शाळेची आठ मुलं, एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाकमधून निघाले. थोड्याच वेळात शिक्षकांची होडी उलटली. त्यांना पुन्हा बसवलं, पुन्हा उलटली. दोनपैकी एक प्रशिक्षक त्यांच्यापाशीच अडकला. दुसरीकडे आठ मुलं आणि एक प्रशिक्षक, होड्या एकमेकींना धरून, वाऱ्याबरोबर समुद्रात दूर दूर गेले. लाटांनी होड्या भरल्या, बुडाल्या, आणि मुलं तासन्‌तास त्या गारठ्यात पाण्यात राहिली. चार मुलं गेली.

त्या दिवशी चुकांची रांगच होती. होड्यांना पाणी अडवणारी आच्छादनं नव्हती, मदत बोलवायला दारूचे बाण नव्हते, आणि ही फेरी काढणाऱ्या साहस केंद्रातल्या आधीच्या प्रशिक्षकांनी धोक्याचं पत्र लिहून ठेवलं होतं तेही कुणी मनावर घेतलं नव्हतं. केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या संचालकाला पुढच्या वर्षी तुरुंगात जावं लागलं, आणि १९९५ मध्ये ब्रिटनच्या संसदेने मुलांच्या साहस केंद्रांसाठी परवान्याचा कायदा केला. ही घटना सांगताना लोक नेहमी कायद्यापाशी येऊन थांबतात. मी पहिल्या अर्ध्या तासापाशी थांबतो. एक माणूस पडला आणि त्याला होडीत नीट परत बसता आलं नाही. एवढ्यावरून अकरा जणांच्या तुकडीचे दोन तुकडे झाले. पाण्यात एकाला होडीत चढता येत नसेल तर ती एकट्याची अडचण राहत नाही. प्रशिक्षक तिकडे गुंततो आणि बाकीचे वाऱ्यावर सुटतात. अगदी शब्दशः. आपल्याकडचं पाणी कोमट आहे, खरं आहे. ओहोटीची ओढ कोमट पाण्यालाही असते, आणि उधाणाच्या दिवसांत खाडीच्या मुखाशी ती ओढ काय असते ते देवबागच्या कुणालाही विचारा.

म्हणून माझ्याकडे चढणं दोन प्रकारचं असतं. एक काठावरचं. होडी पाण्यात पुरती तरंगू द्यायची, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, लाटेकडे करायची, शेजारी उभं राहून आधी बूड मध्यावर टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे. मुलं नेहमी आधी पाय घालतात. जेटीवरून बसायचं तर जेटीच्या कडेला बसून पाय होडीच्या मध्यरेषेवर, एक हात जेटीवर, आणि मग खाली घसरायचं; ताठ उभं राहायची वेळच येऊ द्यायची नाही. वल्हं बैठकीच्या मागे आडवं टाकून त्याचं एक टोक काठावर टेकवलं तर होडीला उलांडी, म्हणजे तोल सावरणारा बाजूचा आधार, लागल्यासारखं होतं. हे मी पहिल्यांदा एका म्हाताऱ्या होडीवाल्याला दाखवलं तेव्हा तो हसला. त्याच्या पणजोबाच्या होडीला उलांडी होतीच.

दुसरं चढणं खोल पाण्यातलं, पडल्यावरचं. होडीच्या पलीकडची कड धरून ती सरळ करायची, मग पाण्यावर आडवं होऊन जोरात पाय मारायचे आणि होडीवर पोटावर पडायचं, कुशीवर वळून बूड बैठकीत आणायचं, शेवटी पाय. पोट, बूड, पाय. मुलं हे तीन शब्द ओरडत करतात. ‘बूड’ म्हणायला त्यांना फार आवडतं, आणि मोठ्यांसमोर उघडपणे ओरडायला मिळतं म्हणून ते विसरतही नाहीत. बूड टेकलं की बुडणं टळलं, हा विनोद माझा नाही, एका आठ वर्षांच्या मुलीचा आहे.

आता कोळ्यांच्या पोरांचा मुद्दा. आमच्याकडे त्यांना गाबीत म्हणतात, पण ते असो. त्यांना कुणी शिकवत नाही, ही समजूत शहरातून आलेल्या माणसाची आहे, ज्याला शिकवणं म्हणजे फळा आणि खडू असंच माहीत असतं. पहाटे रापणीचं जाळं ओढायला गेलेलं पोर होडीत चुकीचा पाय टाकतं तेव्हा चार काका एकदम ओरडतात, “मधी पाय ठेव रे, मधी!” हा धडाच असतो. फक्त तो दहा वर्षं चालतो, रोज चालतो, आणि त्याच्याबरोबर शिव्या फुकट मिळतात. शहरातल्या मुलाला तुम्ही पाऊण तास देता. दहा वर्षांचं शिक्षण पाऊण तासात आपोआप होईल म्हणणं म्हणजे पी हळद आणि हो गोरी.

आणि ज्यांनी कयाक जगाला दिली त्यांच्याकडे तरी बघा. ग्रीनलंडच्या इनुइट लोकांची ती शिकारीची होडी. तिथल्या पाण्यात पडलेला माणूस काही मिनिटांत हातपाय हलवेनासा होतो. त्या लोकांनी आपोआप येण्यावर काही सोडलं नाही. जमिनीवर दोन टोकांना ताणलेल्या दोरांवर लोंबकळायचं, गिरक्या घ्यायच्या, तोल सावरायचा, असा एक आख्खा व्यायामप्रकार त्यांच्याकडे आहे, आणि ग्रीनलंडच्या राष्ट्रीय कयाक स्पर्धेत आजही त्याचे सामने होतात. उलटलेली होडी सरळ करायच्या कितीतरी रीती तिथे वेगवेगळ्या गुणांनी मोजल्या जातात. त्यांच्याकडून हे शिकलेला गिनो वॉटकिन्स नावाचा इंग्रज प्रवासी १९३२ साली ग्रीनलंडमध्येच एकटा शिकारीला गेला. नंतर त्याची कयाक तरंगताना सापडली, तो कधीच सापडला नाही. पंचवीस वर्षांचा होता. शिकलेला माणूससुद्धा जातो, मग शिकवून काय उपयोग, असं कुणी म्हणेल. मी उलट म्हणेन, की ज्यांना पाण्याची इतकी माहिती होती ते दोरांवर लोंबकळत होते, आणि आपण काखेत हात घालून काम भागवतो.

घाबरण्याचा मुद्दा मात्र मी हलका मानत नाही. मुद्दाम होडी उलटवणं चुकीच्या पद्धतीने केलं तर मूल खरंच कायमचं बिचकतं. मागून येऊन गंमत म्हणून होडी पालथी करणारे दादा मी पाहिले आहेत, आणि त्यांना दोन दिवस भांडी घासायला लावावीत असं माझं मत आहे. मूल घाबरतं ते न सांगता झालेल्या गोष्टीला. कमरेएवढ्या पाण्यात, स्वतः ठरवून, स्वतः “आता” म्हणून, नाक चिमटीत धरून ते पडलं की पाच सेकंदांनी वर आलेल्या त्याच्या चेहऱ्यावर भीती नसते, दुसऱ्यांदा पडायची घाई असते. आत बसायची कयाक असेल तर आधी नियम एकच : कमरेला आच्छादन नाही. पालथं झालं की पुढे वाकायचं, नाक होडीकडे, हाताने होडीच्या पोटावर तीन वेळा ठोकायचं, मग दोन्ही हात कडांवर ठेवून विजार काढल्यासारखी होडी खाली ढकलायची. ठोकण्याने होडी सुटत नाही. पण पाण्याखाली शांतपणे तीन मोजणारं मूल धडपडत नाही, आणि न धडपडणारं मूल होडीतून आपसूक निसटतं. ज्याला पडायचं नाही त्याला मी पाडत नाही. ते मूल माझ्याबरोबर दोघांच्या होडीत, पाय टेकतील इतक्याच पाण्यात. काही मुलं तिसऱ्या दिवशी पडायला तयार होतात. एक मुलगा अख्खं शिबिर संपलं तरी तयार झाला नाही, त्याला मी पेढा दिला आणि पुढच्या वर्षी ये म्हटलं.

खरं सांगायचं तर वाळूवर घाबरलेले मला आईवडीलच जास्त दिसतात. आणि त्यांतले काही दुसऱ्या टोकाला जातात : मग नकोच ते पाणी. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, सगळ्यांना जॅकेटं नव्हती. असं काही घडलं की आठवडाभर सगळीकडे सहली रद्द होतात, आणि पुढच्या हंगामात सगळं पूर्ववत. लांब ठेवलेलं मूल पाण्यापासून कायम लांब राहत नाही. ते कॉलेजात गेल्यावर मित्रांबरोबर जातं, तेव्हा आई मोबाइल घेऊन किनाऱ्यावर नसते. जागतिक आरोग्य संघटना बुडण्याचे मृत्यू रोखण्यासाठी जे थोडेच उपाय सुचवते, त्यांत शाळकरी मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवणं हा एक आहे. लांब ठेवणं नव्हे, शिकवणं.

पोहायला येत असेल तर मग हे कशाला, हाही प्रश्न मला तलावावर पदकं मिळवलेल्या मुलांचे वडील विचारतात. तरण तलावाला पायऱ्या असतात, गज असतात, तळ निळा आणि स्वच्छ असतो. खाडीत कालवं असतात, चिखलात पाय रुततो, वाळूत पाकट दडलेलं असतं, म्हणून पाय उचलून न टाकता घासत चालायचं असतं. शिवाय ओहोटी लागली की जी जेटी निघताना गुडघ्याला होती, ती परतताना छातीला येते. चढलेल्या जागी उतरता येईलच असं नाही. हे कुठल्याही तलावावर शिकवत नाहीत, आणि शिकवायचं कारणही नाही.

सरकारने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्राचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ पासून आहे, नोंदणी आहे. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था जीवरक्षणाचं शिक्षण देते. पण नोंदणीचा कागद भिंतीवर असतो आणि मूल पाण्यात. तुमचं मूल जिथे जाणार आहे तिथे कागद विचारा, जरूर विचारा. त्याच्या आधी एक विचारा : माझं मूल या होडीतून एकटं, कुणाचा हात न धरता, कसं उतरेल ते त्याला कधी शिकवणार? “आम्ही आहोत ना” हे उत्तर आलं तर ते उत्तर नाही. कर्ली नदीवर असो की मुळशीच्या धरणावर.

राहिला पैशांचा मुद्दा. त्या गृहस्थांचा तो सर्वांत खरा मुद्दा होता आणि त्यांनी तो सर्वांत शेवटी, आवाज खाली आणून सांगितला. तीस मुलांना माझ्या रीतीने शिकवायचं तर आणखी दोन माणसं लागतात आणि एक सकाळ जाते. हे गणित मला येतं, मीही हेच करतो आणि यात मी श्रीमंत झालेलो नाही. पण काठावरचा तो अर्धा तास वाया जातो हे मला मान्य नाही. माझ्या सातजणांनी त्या दिवशी खाडीत जेमतेम तीनशे मीटर वल्हवलं असेल. रात्री त्यांनी घरी फोन केले तेव्हा तीनशे मीटरबद्दल कुणीच बोललं नाही. कोण किती वेळा पडलं, कुणाच्या नाकात पाणी गेलं आणि कुणी दोन्ही पाय ओले न करता जेटीवर बूड टेकलं, हेच चाललं होतं.

तेव्हा त्यांना माझी एवढीच विनंती आहे : येत्या हंगामात फेरी अर्ध्या तासाने कमी करून बघा. वाळूत बसायचे पैसे आम्ही दिले नाहीत म्हणणारा पालक आला, तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी खाडीच्या त्याच टपरीवर असतो, आणि भाच्याच्या तळहाताचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे.